गादीचं विरजण

हुक्केरी वहिनींनी आणलेला स्टीलचा डबा ऋतुजानं उघडला आणि लगेच झाकण परत लावलं.

"आई, हे हलतंय."

"हलायला काय झालंय? पाणी डचमळलं असेल," तिच्या सासूबाई, मालनबाई म्हणाल्या आणि डबा आपल्याकडं ओढून घेतला.

आत पाण्यात तळहाताएवढा पांढरा तुकडा तरंगत होता. मालनबाईंचा जन्म इचलकरंजीत मागावाल्यांच्या कांड्या भरण्यात गेला होता. सूत कुठलं, किती पिळाचं, हे त्यांना बोटांनीच कळे. त्यांनी तुकडा चिमटीत धरून त्याचा धागा सोडवून पाहिला. टोक सापडेना. जिथून ओढावं तिथून धागा निघे आणि पुन्हा आतच कुठंतरी शिरे. गार, बुळबुळीत आणि जरासा चिवट. त्यांनी हात पदराला पुसला. बोटांना पावसाळ्यातल्या लाकडासारखा वास राहिला.

"हीच ती गादी," हुक्केरी वहिनी म्हणाल्या. त्या समोरच्याच दारात राहत. बोलणं मोकळं, हात त्याहून मोकळा. "गुळाच्या पाण्यात चार दिस ठेवा, परातभर होतेय बघा. मग नळ्यांत अंथरायची, वर बी टाकायचं. पुढं काय बघायला नको."

सूतगिरणीच्या जुन्या जागेवर उभ्या राहिलेल्या त्या इमारतीत प्रत्येक स्वयंपाकघराची एक भिंत भोकं पाडलेल्या नळ्यांची होती. उन्हाळा लांबत गेला, बाजारात येणारी पालेभाजी दुपारपर्यंत करपायला लागली आणि हळूहळू सगळ्यांनीच भाजी घरात, मातीशिवाय, पाण्यावर लावायला घेतली. बिल्डरनं गच्चीवर खताच्या पाण्याची एक सामाईक टाकी बसवून दिली होती. तिथून लाईन प्रत्येक घरात येई आणि उरलेलं पाणी दुसऱ्या लाईननं टाकीत परत जाई. मुळं रोवायला नळ्यांत काय भरायचं, ते मात्र ज्याचं त्यानं ठरवायचं.

ऋतुजाला सातवा महिना चालू होता. तिनं या गोष्टीचा महिनाभर विचार केला होता. जमिनीवर वर्तमानपत्र पसरून त्यावर तिनं नमुने मांडले होते.

"हा नारळाचा भुसा. पाणी चांगलं धरतो, पण आधी नीट धुवावा लागतो, नाहीतर खार उतरतो. ही दगडाची लोकर. रोपं झकास येतात, पण हाताला खाजते आणि नंतर टाकायची कुठं, हा प्रश्नच आहे. आणि ह्या भाजक्या मातीच्या गोळ्या. पाणी फार धरत नाहीत, पण धुऊन पुन्हा पुन्हा वापरता येतात. मला ह्याच बऱ्या वाटतात. शिवाय लाईनही नको. खाली खताच्या पाण्याचा डबा, वर कुंडी आणि मधे सुताची वात. वात ओढेल तेवढंच रोपाला मिळणार. आणि डब्यात किती घातलं, ते आपल्याला माहीत."

"घरात लाईन आलेली असताना वाती वळत बसायचं?" मालनबाई हसल्या. "दिवे लावायचेत काय भिंतीला?"

"आई, त्या गादीला पंप जोडलेला असतो. तिला हवं तेवढं ती मागून घेते. किती खायचं ते तिनंच ठरवायचं, मग आपण काय करायचं?"

"आपण भाजी खायची!" हुक्केरी वहिनी म्हणाल्या आणि दोघी म्हाताऱ्या मोठ्यानं हसल्या. ऋतुजा हसली नाही.

गादी म्हणजे एक बुरशी होती. बुरशीच्या धाग्यांतून विजेच्या अगदी क्षीण लहरी जात असतात, हे शास्त्रज्ञांना पूर्वीपासून ठाऊक होतं. पुढं कुणीतरी अशी जात तयार केली की झाडाचं मूळ उपाशी असलं की तिच्या लहरी बदलत. गादीत दोन सुया खोचायच्या आणि त्यांच्या वायरी पंपाला जोडायच्या. लहर बदलली की पंप सुरू, पोट भरलं की बंद. मोजमाप नको, लक्ष ठेवायला नको. कंपनीनं ती सीलबंद खोक्यांत विकायला काढली आणि एका हंगामानंतर फेकून नवी घ्या, असं वर छापलं. पण गादीचा तुकडा गुळाच्या पाण्यात वाढतो, हे कुठल्याशा घरात कळलं आणि मग नवं खोकं कोण घेणार? विरजण कुणी विकत आणत नाही आणि शेजारणीनं मागितलं तर कुणी नाही म्हणत नाही. गादी तशीच दारोदार गेली.

पण विरजण देताना एक होतं. जिच्या भिंतीवर पालक परातीएवढा, तिच्याकडंच तुकडा मागायला सगळ्या जात. पाला मोठा कुठं येई? जिथली गादी सगळ्यात जास्त खत मागून घेई तिथं. बेतानं खाणाऱ्या गाद्या ज्याच्या त्याच्या घरात राहिल्या. पसरली ती हावरी. हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही.

ऋतुजा बाळंतपणाला गडहिंग्लजकडच्या आपल्या माहेरी गेली. ती गेल्यावर मालनबाईंनी नमुने गोळा करून माळ्यावर टाकले आणि नळ्यांत गादी अंथरली.

*

आर्वीला घेऊन ऋतुजा परत आली, तेव्हा भिंत दिसत नव्हती. मेथी, पालक, माठ, आंबटचुका सगळं एकमेकांवर चढलं होतं. पानांचा रंग इतका गडद की काळा वाटावा. लेकीला पोचवायला आलेल्या विहीणबाई तोंडात बोट घालून उभ्या राहिल्या.

"काय घालता ओ ह्याला?"

"काही नाही. तिचं तीच खातेय."

विहीणबाईंनी लेकीसाठी मोठा डबा भरून डिंकाचे लाडू आणले होते. दुसऱ्या दिवशी त्या निघाल्या, तेव्हा मालनबाईंनी तो डबा घासून पुसून ठेवला होता. पण तसाच हातात द्यायचा कसा? माहेरचा डबा रिकामा परत गेलेला मालनबाईंनी आयुष्यात पाहिला नव्हता. त्यांनी गादीचा एक चांगला जाड तुकडा काढून त्यात ठेवला. ऋतुजा आत आर्वीला अंगावर घेऊन निजली होती. तिला उठवायला नको म्हणून विहीणबाई हळूच निघून गेल्या.

तुषार, मालनबाईंचा मुलगा, मागांची दुरुस्ती करायला गावोगाव फिरे. त्यामुळं घरात दिवसभर तिघीच. ऋतुजाला दूध कमी येत होतं. डॉक्टरांनी आर्वीला पावडरचं दूध जोडून द्यायला सांगितलं. त्यासाठी पाणी उकळण्याचं काम मालनबाईंनी आपल्याकडं घेतलं. ओट्याखाली पिण्याच्या पाण्याचा निळा पिंप होता. त्यातलं पाणी त्या पातेल्यात काढत, खळखळून उकळत, झाकून गार करत आणि दुधाला देत.

दिवस ठीक चालले होते. फक्त पंप जास्त वाजायला लागला होता.

आधी तो सकाळ-संध्याकाळ थोडा वेळ घुरघुरायचा. आता भांडी घासताना, जेवताना, कधीही सुरू व्हायचा. एकदा मालनबाई आर्वीला मांडीवर आंघोळ घालत होत्या. न्हाणीघराचं दार भिंतीच्या अगदी शेजारी. आर्वीनं पाण्यातच सू केली आणि त्याच क्षणी पंप सुरू झाला. मालनबाईंचा तांब्या हातातच राहिला. योगायोग, त्या मनात म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुद्दाम कान दिला. आर्वीच्या आंघोळीच्या वेळी पंप पुन्हा वाजला.

त्यांनी ऋतुजाला सांगितलं नाही. आधीच ती त्या भिंतीकडं पाठ करून बसे.

मग एका दुपारी ओले लंगोट धुवायला म्हणून ऋतुजानं बादली उचलली. बादली उचलेना. म्हणजे उचलली, पण मागून काहीतरी ओढल्यासारखं झालं. तिनं वाकून पाहिलं. नळीच्या सांध्यातून पांढऱ्या धाग्यांची एक पट्टी निघाली होती. फरशीच्या कडेकडेनं, उंबऱ्यावरून, न्हाणीघरात. तिथून बादलीच्या कडेवर चढून ती लंगोटांच्या घड्यांत शिरली होती. लंगोटांची वीण आणि ते धागे एकमेकांत विणल्यासारखे झाले होते.

"आई!"

मालनबाई धावत आल्या. ऋतुजा आर्वीला छातीशी घट्ट धरून पलंगावर चढून बसली होती, खोलीत साप निघाल्यासारखी.

"ते तिला शोधत आलंय," ऋतुजा म्हणाली.

"तिला कशाला शोधेल? लघवीत खत असतं की. शेतात घालायचो आम्ही." मालनबाईंनी कात्रीनं पट्टी कापली, फरशी पुसून काढली. बोलताना त्यांचा आवाज सरळ होता. पण कापलेलं टोक झाडूवर घेताना ते आपल्या मनगटाकडं वळलं, असं त्यांना वाटलं आणि त्यांनी झाडूच खिडकीबाहेर टाकला.

"आजच्या आज काढून टाकू या."

"काढू. पण एवढी जीव धरलेली भिंत... उद्या कांबळेबाई तुकडा न्यायला येणार आहेत. त्यांना देऊ आणि मग काढू."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी कोवळ्या उन्हात आर्वीला तेल लावताना मालनबाईंना तिचे ओठ दिसले. पिकलेलं जांभूळ खाल्ल्यावर होतात तसे. नखंही तशीच.

"गारठा लागलाय," हुक्केरी वहिनी दारातूनच म्हणाल्या. मग जवळ येऊन पाहिल्यावर त्यांचाही आवाज उतरला. "नजर लागली असेल. मीठ-मोहऱ्या उतरा. आणि पाणी नीट उकळून देताय ना?"

मालनबाईंनी मीठ-मोहऱ्या उतरून टाकल्या. आणि पाणी पूर्वीपेक्षा जास्त उकळलं. पातेलं अर्धं होईपर्यंत. त्याचं दूध करून पाजलं. आर्वी ते प्यायली आणि जास्तच मलूल पडली. मालनबाईंनी पुढच्या दुधाचं पाणी आणखी आटवलं. आता आर्वीची हनुवटी, नाकाचा शेंडा राखेच्या रंगाचा झाला. ती रडेना. ऋतुजानं तिच्या तळपायाला टिचकी मारली, तरी तिनं नुसते डोळे उघडले.

रिक्षात ऋतुजा एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "आर्वी, रड ना गं. रड ना."

दवाखान्यात डॉक्टर नाझनीन मुल्ला होत्या. त्यांनी ऑक्सिजन लावला. रंग बदलला नाही. छाती तपासली, हृदय तपासलं, सगळं ठीक. मग त्यांनी आर्वीच्या टाचेतून रक्ताचा एक थेंब काढून पांढऱ्या कागदावर टाकला. शेजारी ऋतुजाच्या बोटातला एक थेंब टाकला. ऋतुजाचा थेंब लाल होता. आर्वीचा चॉकलेटसारखा तपकिरी.

"हे काय आहे?" ऋतुजानं विचारलं.

"नंतर सांगते. आधी औषध."

ते औषध निळं होतं, कपड्याला घालायच्या निळीसारखं. निळ्या पडलेल्या पोरीच्या शिरेत आणखी निळं सोडताना बघून मालनबाईंनी डोळे मिटून घेतले. त्यांनी डोळे उघडले, तेव्हा ऋतुजा हुंदके देत होती. त्यांना वाटलं, संपलं. मग त्यांना आर्वीचा आवाज आला. बारीक, रागावलेला. तिच्या ओठांत गुलाबी रंग भरत होता.

डॉक्टर मुल्लांनी दोघींना समोर बसवलं. "खतातला नत्र पाण्यात उतरला की त्याला नायट्रेट म्हणतात. मोठ्या माणसाला फारसं काही होत नाही. पण तान्ह्या बाळाच्या पोटात त्याचं दुसरंच रसायन बनतं आणि ते रक्ताला चिकटून बसतं. मग श्वास चालू असतो, ऑक्सिजनही आत जातो, पण रक्त तो उचलूनच घेत नाही. बाळ श्वास घेत घेत गुदमरतं. पाणी कुठलं देता?"

"पिण्याचंच. उकळून देतो, डॉक्टर," मालनबाई म्हणाल्या. "अर्धं होईस्तोवर उकळते मी."

डॉक्टरांनी त्यांच्याकडं पाहिलं. त्या रागावल्या नाहीत, तेच मालनबाईंना जास्त लागलं.

"आजी, उकळल्यानं जंतू मरतात. नायट्रेट मरत नाही. पाणी उडून जातं आणि ते मागं राहतं. तुम्ही दूध आटवल्यासारखं ते आटवत होतात."

*

घरी आल्यावर तुषारनं निळ्या पिंपाचं झाकण उघडलं. आतल्या बाजूला पांढरा पडदा धरला होता, कोळ्याच्या जाळ्यासारखा. नळाच्या सांध्यातून धागे आत उतरून पाण्यात सुटले होते.

"म्हणजे ती इथलं पाणी प्यायला आली?" मालनबाईंनी विचारलं.

"नाही, आई. आणून टाकायला आली." तुषार घरी येण्याआधी कुणाकुणाला विचारून आला होता. "बुरशी असंच करते. धाग्याचं एक टोक भरल्या जागी, एक मोकळ्या जागी. जिथं खत जास्त तिथून उचलायचं आणि जिथं नाही तिथं नेऊन सोडायचं. जंगलात एका झाडाचं दुसऱ्याला पोचवते ती. हिला पिंपात काही सापडलं नाही. म्हणून ती भरत बसली."

मालनबाई त्या पडद्याकडं बघत राहिल्या. कुणाच्या घरी काही नाही म्हटलं की आपण काय करतो? डबा भरून नेऊन देतो.

त्यांनी भिंतीवर उकळतं पाणी ओतलं. पातेल्यामागून पातेलं. पालक गळून पडला, धागे आक्रसले, घरभर शिजलेल्या अळंबीचा वास सुटला. पंप शेवटपर्यंत घुरघुरत होता. तुषारनं वायर उपटली तेव्हा थांबला.

पण ऋतुजानं बॅग भरायला घेतली होती.

"अगं, आपली तर काढली."

"आपली काढली. वरची? खालची? समोरची? सगळ्यांची लाईन एक आहे, टाकी एक आहे. पाईपाला पाईप लागलाय. आज ना उद्या ती परत येणार." ऋतुजानं सासूकडं पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, भीती होती. ती मालनबाईंच्या हातांची होती. "ह्या इमारतीत एका घरात जरी गादी राहिली, तरी मी आर्वीला इथं आणणार नाही. कधीच नाही. माझ्या आईकडं ही लाईन नाही, नळ्या नाहीत. विहिरीचं पाणी आहे. तिथं ती जगेल."

जाताना तिनं आर्वीला आजीच्या हातात दिलं नाही.

मालनबाईंनी दुसऱ्या दिवसापासून दारं वाजवायला सुरुवात केली. ज्यांच्या घरी लहान मूल होतं, त्यांनी ऐकलं. कांबळेबाईंनी तर दुसऱ्या घरून आणलेला, सुपाएवढा वाढलेला तुकडा तिथल्या तिथं शेगडीवर टाकला. पण बाकीच्यांची तोंडं वाकडी झाली. तुमच्याकडं पाणी साठवायची पद्धतच चुकली असेल, म्हणाले. आणि ज्यांनी ही सुरुवात केली, त्या हुक्केरी वहिनी तर दारातून हलेनात.

"आमच्यात दोन वर्षं आहे ती. कोण निळं पडलं? सांगा की. तुमच्या सुनेनं भीती घातली आणि तुम्ही माझी भिंत जाळायला निघाला. मालनताई, मी प्रेमानं दिलं होतं तुम्हाला."

"प्रेमानंच दिलं, वहिनी. मी कुठं नाही म्हणते?"

"मग?"

"तुमचा पिंप उघडून बघा फक्त."

"मी रोज घासते माझा पिंप, आणि तुम्ही मला स्वच्छता शिकवा!" असं म्हणत त्यांनी दार लावलं.

मालनबाई घरी येऊन बसल्या. फडताळात वहिनींचा तो स्टीलचा डबा होता, अजून परत द्यायचा राहिलेला. आपल्या पिंपातून खरवडून काढलेले धागे अजून एका बरणीत होते, तुषारनं कुणाला तरी दाखवायला ठेवलेले. चहा प्यायच्या वेळी त्या पुन्हा समोर गेल्या. वहिनींच्या ओट्यावर, नळाशेजारी त्यांनी डबा ठेवला.

"तुमचा डबा द्यायचा राहिला होता."

वहिनी जरा निवळल्या. "काय हो त्यात?"

"रिकामा कसा देऊ? उद्या बघा. आज नका उघडू."

सकाळी मालनबाईंचं दार वाजलं. हुक्केरी वहिनी उभ्या होत्या. त्यांच्या हातात डबा होता आणि डब्याला झाकण नव्हतं. आत काही नव्हतं.

"झाकण?" मालनबाईंनी विचारलं.

"ओट्यावर पडलं होतं." वहिनी मागं वळून आपल्या दाराकडं बघत होत्या. "तिनं उचललं ते. मालनताई, ती नळावरून खाली उतरलीय. पिंपात. आणि पिंपात आधीच... आधीच होती हो. ती तिला जाऊन मिळाली. आम्ही रोज तेच पितोय." आणि मग एवढ्या मोठ्या बाईनं लहान पोरीसारखं विचारलं, "पाणी उकळायला ठेवू का? ओतायला?"

*

त्यानंतर दारं वाजवायला मालनबाई एकट्या नव्हत्या. हुक्केरी वहिनी पुढं असत आणि वहिनींपुढं कुणाचं काही चालत नसे. घराघरांत पातेली चढली. गच्चीवरची खताची टाकी रिकामी करून उन्हात उघडी टाकली. लाईन कापली. शेवटच्या घरातला पंप बंद झाला तेव्हा सगळी इमारत इतकी शांत वाटली की मालनबाईंना कानात दडे बसल्यासारखं झालं.

त्या दुपारी त्यांनी माळ्यावरून ऋतुजाचे नमुने खाली काढले. भाजक्या मातीच्या गोळ्या धुऊन सुपात वाळत घातल्या. जुन्या सुताचं बंडल शोधलं आणि पाय पसरून वाती वळायला बसल्या. चांगल्या जाड, सारख्या पिळाच्या. डब्यातून जेवढं ओढेल तेवढंच. ऋतुजा येईल, बघेल, काही बोलणार नाही. पण आर्वीला हातात देईल, एवढं त्यांना वाटत होतं.

तेवढ्यात फोन वाजला. ऋतुजाच होती. त्या दिवसापासून पहिल्यांदाच तिनं आपणहून फोन केला होता आणि समोर आर्वीला धरलं होतं. आर्वी आपली मूठ चोखत होती. मालनबाईंनी आधी ओठ पाहिले. गुलाबी होते. निदान खोलीच्या अंधुक उजेडात तसे वाटले.

"आई, तुषारनं सांगितलं. सगळ्यांची काढली?"

"सगळ्यांची. शेवटची आज. हे बघ, वाती वळतेय तुझ्या."

ऋतुजा हसली. तिचं हसणं बघून मालनबाईंना रडूच आलं. "येते मी. रविवारी तुषारला पाठवा. थांबा, आर्वीला भूक लागलीय, दूध करते. आईशी बोला तोवर."

फोन विहीणबाईंच्या हातात गेला. त्यांचा चेहरा जवळ आला, मग हलायला लागला. त्या फोन घेऊन बाहेर निघाल्या होत्या.

"मालनताई, एक दाखवते तुम्हाला. ऋतुजाला बोललेले नाही हं, ती तुमच्या त्या भिंतीला घाबरलीय. पण तुम्ही एवढ्या मायेनं दिलेलं, वाया कसं घालवायचं? घरात नळ्या कुठल्या? म्हणून मी ते गोठ्यामागं लावलं. शेणखताच्या ढिगाशेजारी. नुसतं टाकलं हो, आणि बघा काय माजलंय!"

पडद्यावर आधी ऊन आलं. मग पानं. सुपाएवढी अळूची पानं, इतकी गडद की काळी वाटावी. पानांखाली पांढरं काहीतरी शेणाच्या ढिगातून निघून, भिंतीच्या कडेकडेनं, विहिरीचं पाणी साठवायच्या सिमेंटच्या टाकीवर चढलं होतं. टाकीच्या झाकणाच्या फटीत ते शिरलं होतं.

मालनबाईंच्या हातातलं सूत खाली पडलं.

"विहीणबाई, आर्वीला पाणी कुठलं देता?"

"ह्याच टाकीतलं. पण तुम्ही काळजी करू नका. तुमची पद्धत ऋतुजाच्या बोलण्यातून कळली होती मला. आता ती आटवू नको म्हणते, पण मी तिच्या नकळत सोडलेली नाही. चांगलं अर्धं होईस्तोवर आटवते. आत्ताच बाटलीत भरून ठेवलंय बघा, दुधासाठी."

"विहीणबाई, आत पळा!"

"काय म्हणालात? वारं फार आहे हो इथं."

"बाटली! ऋतुजाच्या हातातली बाटली काढून घ्या! पळा!"

फोन शेणावर पडला. पडद्यावर नुसतं आभाळ आणि त्या काळ्या पानाची एक कड राहिली. मालनबाई ओरडत राहिल्या, सुनेचं नाव घेऊन, नातीचं नाव घेऊन. आणि त्यांच्या ओरडण्यामधल्या फटीत, लांबून, विहीणबाईंच्या चपलांचा घराकडं धावत जाणारा आवाज येत होता.